एक कारण सापडले, तरी रक्तक्षय हटत का नाही?

काचपट्टी

रक्ताचा अहवाल हातात आला की बहुतेक घरांत 'हिमोग्लोबिन किती?' एवढाच प्रश्न विचारला जातो आणि आकडा कमी असेल तर लोहाच्या गोळ्या, खजूर आणि गूळ-शेंगदाणे यांवर भागवले जाते. आपल्याकडे हे पुष्कळदा चालूनही जाते, कारण लोहाची कमतरता हेच सर्वांत मोठे कारण आहे आणि रक्तक्षय घरोघरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला होता. निदान प्रयोगशाळेत तीस वर्षे सूक्ष्मदर्शकापुढे बसल्यानंतर मला मात्र भीती वाटते ती एकाच माणसात रक्ताचे दोन दोष असतात अशा अहवालांची. दोन दोष एकत्र आले की अहवाल दुप्पट बिघडलेला दिसेल असा आपला समज असतो, पण पुष्कळ वेळा ते एकमेकांच्या खुणा पुसून टाकतात.

एक उदाहरण देते. लग्न ठरलेल्या २४ वर्षांच्या मुलीचा नमुना आला होता. हिमोग्लोबिन ८.४, तांबड्या पेशी ४६ लाख, पेशींचे सरासरी आकारमान म्हणजे एमसीव्ही ६१ आणि पेशींच्या आकारांतील तफावत दाखवणारा आरडीडब्ल्यू २१. पेशी इतक्या लहान असल्या की आमच्या डोक्यात दोन नावे येतात, लोहाची कमतरता आणि थॅलसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनवणाऱ्या आनुवंशिक दोषाचे नुसते वाहक असणे. या दोहोंत निवड करायला १९७३ साली मेंट्झर यांनी सुचवलेला एक सोपा भागाकार आहे. एमसीव्हीला दशलक्षांतील पेशीसंख्येने भागावे. उत्तर १३च्या खाली आले तर थॅलसेमिया मायनरचा संशय घ्यावा, वर आले तर लोहाचा. येथे ६१ भागिले ४.६, म्हणजे १३.३. फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याचा निर्देशक, फक्त ६ होता. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी चाचणीत ए-टू या प्रकाराचे हिमोग्लोबिन ३.४ टक्के आले आणि थॅलसेमिया मायनरसाठी साधारणपणे ३.५च्या पुढचा आकडा लागतो. तिन्ही चाचण्या लोहाकडे बोट दाखवत होत्या आणि 'थॅलसेमियाचा दोष नाही' असे लिहून अहवाल पाठवता आला असता.

तो तसा पाठवला नाही, याचे कारण सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर होते. लोहाच्या कमतरतेत पेशी फिक्या, रिकाम्या कड्यांसारख्या दिसतात, काही पेन्सिलीसारख्या लांबट होतात, आणि त्या येथे होत्याच. त्यांच्या जोडीला मध्यभागी ठिपका असलेल्या लक्ष्यपेशी आणि बारीक निळे ठिपके पडलेल्या पेशी अपेक्षेपेक्षा जास्त होत्या. शिवाय ८.४ हिमोग्लोबिनला ४६ लाख पेशी हे प्रमाण मला पटत नव्हते. नुसते लोहच कमी असते तर पेशींची संख्याही याहून खाली आली असती. म्हणून अहवालात 'लोहाची कमतरता निश्चित. ती भरून काढल्यावर एचपीएलसी पुन्हा करावी, तोपर्यंत थॅलसेमिया मायनर नाकारता येत नाही' असे लिहिले. तीन महिन्यांनी ती मुलगी परत आली तेव्हा हिमोग्लोबिन १०.८ वर, फेरिटिन ४८ वर आणि पेशी ५४ लाखांवर गेल्या होत्या, एमसीव्ही मात्र ६४च्या पुढे सरकला नव्हता आणि ए-टू ४.६ झाले होते. ती थॅलसेमियाची वाहक होती.

असे का घडते, तेही सांगते. प्रौढ माणसाच्या नेहमीच्या हिमोग्लोबिनमध्ये अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या साखळ्या असतात, तर ए-टूमध्ये बीटाच्या जागी डेल्टा साखळी असते. लोह कमी पडले की अल्फा साखळ्यांचे उत्पादन मंदावते, आणि ज्या थोड्या अल्फा तयार होतात त्यांच्याशी जोडी जमवण्यात बीटा साखळी डेल्टापेक्षा वरचढ ठरते. परिणामी ए-टू घटते. थॅलसेमिया मायनर ए-टू वर ढकलतो, लोहाची कमतरता ते खाली खेचते आणि यंत्र या ओढाताणीत उरलेला आकडा छापून देते. प्रत्येक वाहकात हे घडतेच असे नाही, पुष्कळांचे ए-टू लोह कमी असतानाही चारच्या वर राहते; सीमारेषेवरच्या आकड्यांपाशी मात्र ही शक्यता विसरून चालत नाही.

आपल्यापैकी कोणाला असे दुहेरी अनुभव आले असतील तर जरूर लिहावेत.

शंकासुर

काचपट्टीताई, लेख आवडला, पण दोन शंका आहेत. पहिली अशी की, ए-टूवर लोहाचा परिणाम होत असेल तर प्रत्येकाला आधी तीन महिने गोळ्या देऊन मगच एचपीएलसी का करू नये? दुसरी अशी की, थॅलसेमिया मायनर असलेल्याने लोह घ्यायचेच नसते, असे आमच्या ओळखीत सर्रास सांगितले जाते. माझ्या चुलत बहिणीला याच कारणावरून कोणी गोळ्या देत नाही.

काचपट्टी

पहिल्या शंकेत एक मोठा अपवाद दडलेला आहे, आणि तो म्हणजे गरोदर स्त्री. तिच्या बाबतीत तीन महिने थांबणे परवडत नाही, कारण आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला थॅलसेमिया मेजर, म्हणजे या दोषाचे गंभीर रूप, असण्याची शक्यता २५ टक्के असते आणि गर्भजल किंवा गर्भाच्या वारेचा नमुना तपासण्याची मुदत हातातून निसटते. पहिल्याच तपासणीत पेशी लहान दिसल्या तर लोह सुरू करावे, एचपीएलसी त्याच आठवड्यात करावी, आणि ए-टू सीमेवर असेल तर पत्नीच्या दुसऱ्या अहवालाची वाट न पाहता पतीचे रक्त तपासावे. पतीचा अहवाल स्वच्छ आला की बहुतांश काळजी तेथेच मिटते. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा ज्या समाजांत वाहकांचे प्रमाण जास्त आहे, त्यांच्यात तर लग्नापूर्वीच हे झालेले बरे. परंतु आडनावावरून दुसऱ्या कोणाला तपासणीतून वगळू नये, कारण वाहक सर्व समाजांत सापडतात.

दुसऱ्या शंकेत सांगितलेला समज अर्धा खरा असल्यामुळेच टिकून आहे. मायनर असलेल्याचे हिमोग्लोबिन दहा-अकराच्या आसपास राहणे हा त्या दोषाचाच भाग असतो आणि केवळ तेवढ्यावरून वर्षानुवर्षे लोह चारणे चूक आहे. पण वाहक स्त्रीलाही पाळी येते, तिचीही बाळंतपणे होतात आणि तिलाही जंत होतात. फेरिटिन कमी असल्याचे सिद्ध झाले तर तिला इतर कोणाइतकेच लोह द्यावे आणि साठा भरला की थांबवावे. आपल्या बहिणीचे फेरिटिन कोणी तपासले आहे का, हे आधी विचारा.

दुपारची_लोकल

माझी गोष्ट याच्या उलट दिशेची आहे. मी शाकाहारी आहे आणि गेली काही वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते. मागच्या वर्षी जिने चढताना धाप लागू लागली, हिमोग्लोबिन ८.९ निघाले, पण एमसीव्ही ८६ म्हणजे अगदी मधोमध होता. 'पेशींचा आकार नॉर्मल आहे, तेव्हा लोहाचे किंवा बी-ट्वेल्व्हचे काही नसावे' असे मला एका दवाखान्यात सांगण्यात आले आणि मूत्रपिंडापासून थायरॉइडपर्यंत सर्व तपासण्या झाल्या, त्या साऱ्या ठीक निघाल्या. दीड महिन्याने दुसऱ्या डॉक्टरांनी तोच जुना अहवाल पाहिला, त्यातील आरडीडब्ल्यू २४ या आकड्याभोवती पेनाने गोल काढला आणि लोह व बी-ट्वेल्व्ह दोन्ही तपासायला सांगितले. दोन्ही कमी निघाले.

काचपट्टी

आपल्या डॉक्टरांनी योग्य आकड्याभोवती गोल काढला. लोहाअभावी पेशी लहान होतात, बी-ट्वेल्व्ह किंवा फोलेट यांच्या अभावी मोठ्या होतात, आणि दोन्ही कमी असले की सरासरी मध्यावर येते. उंबरठ्यावर एक जोड लहान मुलाच्या चपलांचा आणि एक पहिलवानाच्या चपलांचा असावा आणि त्यांची सरासरी काढून 'घरात मध्यम उंचीची माणसे राहतात' असे म्हणावे, तसा तो ८६ असतो. काचपट्टीवर मात्र दोन वेगळ्या वस्त्या दिसतात, एकीकडे फिक्या चिमुकल्या पेशी आणि दुसरीकडे भरलेल्या, अंडाकृती मोठ्या पेशी. शेजारी एखादी पांढरी पेशी दिसते, जिच्या केंद्रकाच्या तीन-चार पाकळ्या असायला हव्यात तेथे सहा असतात. ही खूण लोहाच्या कमतरतेने झाकली जात नाही, म्हणून अशा नमुन्यात मी ती मुद्दाम शोधते.

अशा रुग्णाला एकच औषध दिले तर दुसरा दोष उघडा पडतो. नुसते लोह दिल्यावर हिमोग्लोबिन थोडे चढून अडते आणि एमसीव्ही शंभरीच्या दिशेने निघतो. नुसते बी-ट्वेल्व्ह दिले तर तो सत्तरीकडे उतरतो. याच ठिकाणी आणखी एक चकवा आहे. बी-ट्वेल्व्ह नसताना अस्थिमज्जेत पेशी धड बनत नाहीत, त्यामुळे लोह वापराविना पडून राहते आणि फेरिटिन फुगलेले दिसते. इंजेक्शने सुरू झाली की मज्जा कामाला लागते आणि आठवड्याभरात तोच आकडा घसरतो. म्हणून अशा रुग्णाचे फेरिटिन उपचार सुरू झाल्यावर पुन्हा पाहावे लागते. बी-ट्वेल्व्हच्या तीव्र कमतरतेत अर्धवट बनलेल्या पेशी मज्जेतच फुटतात, फुटलेल्या पेशींतून बाहेर पडणारे एलडीएच हजारांच्या घरात जाते, डोळे किंचित पिवळे दिसतात, आणि कावीळ समजून यकृताच्या तपासण्या करत बसणारेही मी पाहिले आहेत.

मेटफॉर्मिनने बी-ट्वेल्व्हचे शोषण कमी होते, तेव्हा ते घेणाऱ्यांनी अधूनमधून ही पातळी पाहावी. आणि मधुमेह आहे म्हणून सांगते, या काळातील एचबीएवनसी, म्हणजे सरासरी साखरेचा आकडा, जपून वाचा. लोहाच्या कमतरतेत तो प्रत्यक्ष साखरेपेक्षा जास्त दिसू शकतो आणि पेशी लवकर फुटत असतील तर कमी.

सांजवेळ

माझ्या आत्याला कित्येक वर्षांपासून संधिवात आहे. तिचे हिमोग्लोबिन नऊ आणि फेरिटिन ६४ आहे. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत ६४ बसत असल्यामुळे 'हा दीर्घ आजाराचा रक्तक्षय आहे, लोह देऊन उपयोग नाही' असे सांगितले गेले. वेदनाशामक गोळ्या मात्र ती रोज घेते.

काचपट्टी

शरीरात दाह असला की फेरिटिन आपोआप वाढते, मग साठा रिकामा का असेना. जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी प्रौढासाठी १५च्या खालचे फेरिटिन ही कमतरतेची खूण मानली आहे, पण संसर्ग किंवा दाह असेल तर तीच मर्यादा ७० केली आहे. त्या मापाने आत्यांचे ६४ कमीच ठरते. सीआरपी (दाह दाखवणारी) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेल्या जाणाऱ्या लोहाचे प्रमाण दाखवणारी) या दोन चाचण्या करून घ्या. सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर दीर्घ आजार आणि लोहाची कमतरता एकत्र नांदत आहेत असे धरून चालावे. रोजच्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात सूक्ष्म रक्तस्राव होतो, हे तर आपण स्वतःच सुचवले आहे. शौचाची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीने पोट पाहणे टाळू नका.

मोगरा

एक तक्रार लिहिते. माझ्या मुलीला तापात हिमोग्लोबिन ५.८ झाल्याने एका रुग्णालयात रात्री दोन पिशव्या रक्त चढवले, त्याबद्दल तक्रार नाही, ते आवश्यकच होते. परंतु चढवण्याआधी एक नमुना बाजूला ठेवावा हे कोणालाच सुचले नाही. दुसऱ्या दिवशी एचपीएलसी झाली आणि 'सर्व सामान्य' असा अहवाल मिळाला. पुढे एका तज्ज्ञांनी तो पाहून विचारले, 'हे रक्त मुलीचे की रक्तदात्यांचे?' आम्हाला पुन्हा तपासणीसाठी जवळजवळ चार महिने थांबावे लागले.

काचपट्टी

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे ते चार महिने टळण्यासारखे नव्हते. घाईच्या प्रसंगीही ईडीटीएची, म्हणजे जांभळ्या झाकणाची, एक नळी भरून शीतकपाटात ठेवायला अर्धे मिनिट लागते. ती ठेवली गेली नसेल तर दोन मार्ग उरतात. एक, आई-वडिलांचे रक्त लगेच तपासणे, आणि दुसरा, जनुक चाचणी, जी पांढऱ्या पेशींतील डीएनएवर होत असल्याने दात्याच्या तांबड्या पेशींनी फारशी बिघडत नाही.

याच जातीचा फसवा अहवाल तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी या विकराच्या (एन्झाइमच्या) तपासणीत मिळतो. मलेरियासाठी प्रायमाक्वीन दिल्यावर पेशी फुटल्या आणि लगेच तपासणी केली, तर अहवाल सामान्य येऊ शकतो, कारण विकर कमी असलेल्या म्हाताऱ्या पेशी आधीच फुटून गेलेल्या असतात आणि उरलेल्या तरुण पेशींत ते पुरेसे असते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे लागते.

वैनगंगा

मी पूर्व विदर्भातील एका शाळेत शिक्षक आहे. जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून आमच्याकडे तपासण्या वाढल्या आहेत, हे चांगलेच आहे. मी लिहितो आहे तो प्रश्न मात्र नाजूक आहे. आमच्या एका विद्यार्थिनीला सतत सांधेदुखी आणि अशक्तपणा होता. तिची तपासणी झाली आणि 'एसएस पॅटर्न', म्हणजे सिकलसेलची रुग्ण, असे निदान मिळाले. वडील 'एएस', म्हणजे वाहक, निघाले. आईची सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह आली आणि तिला 'सिकल नाही, फक्त रक्त कमी आहे' असे सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या. आता, एसएस मुलाला एक एस, म्हणजे सिकलचे जनुक, आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो, हे आम्हीच शाळेत फळ्यावर शिकवतो. त्यामुळे आईकडे एस नाही म्हटल्यावर घरात आणि गावात जी कुजबुज सुरू झाली, ती मला येथे लिहवत नाही. ती बाई महिनाभर माहेरी जाऊन राहिली आहे. मुलीचा अहवाल असा आहे: हिमोग्लोबिन ८.२, एमसीव्ही ६४, एस ७८ टक्के, एफ (गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन) १६ टक्के, ए-टू ५.२.

काचपट्टी

वैनगंगा सर, ही कुजबुज थांबवण्यासारखे बरेच काही आपण दिलेल्या पाच आकड्यांतच आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

सोल्युबिलिटी चाचणी एवढेच सांगते की रक्तात एस आहे की नाही. ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही आणि थॅलसेमियाबद्दल तर अवाक्षरही काढत नाही. शिवाय हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर नमुन्यात एस पुरेसा नसल्याने ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आईचे हिमोग्लोबिन त्या वेळी किती होते ते पाहावे, म्हणजे ही शक्यता लगेच तपासता येईल. पण मला दुसरी शक्यता अधिक वाटते.

नुसत्या सिकलसेलमध्ये पेशींचे आकारमान बहुधा सामान्य असते. या मुलीचा एमसीव्ही ६४ आहे आणि ए-टू वाढलेले आहे. वडिलांकडून एस आणि आईकडून बीटा थॅलसेमियाचे जनुक आले, तर मुलीच्या रक्तात ए हिमोग्लोबिन जवळजवळ बनतच नाही, यंत्राच्या कागदावर एसचाच डोंगर उभा राहतो आणि घाईत त्याला 'एसएस' म्हटले जाते. प्रत्यक्षात तो सिकल-बीटा थॅलसेमिया असतो. अशा वेळी आईकडे एस नसतोच, तो असण्याचे कारणही नसते. तिची चाचणी निगेटिव्ह येणे हे या निदानाशी पूर्णपणे जुळते.

तरीही केवळ या आकड्यांवर शिक्कामोर्तब करू नये. सिकलसेलसोबत अल्फा थॅलसेमिया असेल तरी पेशी लहान होतात आणि ए-टू थोडे वाढते. शिवाय रक्तात एस असताना त्याचा एक अंश यंत्रात ए-टूच्या जागी मोजला जाऊन आकडा फुगतो. निर्णय आई-वडिलांच्या एचपीएलसीवरच होईल. आईचे लोह कमी आहे म्हणून थांबू नका, लगेच चाचणी करा. ए-टू चारच्या वर आले तर प्रश्न सुटला, सीमेवर आले तर लोह भरून पुन्हा करा किंवा थेट जनुक चाचणीला पाठवा. मुंबईच्या परळमधील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेचे हिमोग्लोबिनच्या विकारांवरचे केंद्र चंद्रपूरला आहे, ते आपल्याला जवळ पडेल. आणि आरोग्यसेविकेला सोबत घेऊन त्या घरी जा. मुलीच्या वडिलांसमोर, शक्य झाल्यास आजीसमोरही, हे फळ्यावरच्याच रीतीने काढून दाखवा: एका बाजूला एस, दुसऱ्या बाजूला थॅलसेमिया.

शंकासुर

सर, एक शंका याही वेळी विचारतो. त्या मुलीला भावंडे आहेत का?

वैनगंगा

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. आईची एचपीएलसी झाली. फेरिटिन ७ असूनही तिचे ए-टू ४.१ टक्के आले आणि एस अजिबात नाही. ती थॅलसेमियाची वाहक आहे. वडिलांच्या रक्तात एस ३७ टक्के आणि उरलेले बहुतांश ए, म्हणजे ते साधे सिकल वाहक आहेत. आरोग्यसेविका आणि मी दोघे त्यांच्या घरी गेलो होतो. मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर चार चौकोन काढले आणि एकेक अक्षर भरत गेलो. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी ते पान फाडून घडी करून खिशात ठेवले. दुसऱ्या दिवशी ते सासुरवाडीला गेले आणि पत्नीला घेऊन आले.

शंकासुरांनी विचारले तसे, धाकटा भाऊ आहे, पाच वर्षांचा. तोही फिकट दिसतो आणि त्यालाही लोहाचे औषध चालू आहे. अंगणवाडीत झालेली त्याची सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह होती, पण तेवढ्यावर आता आम्ही थांबत नाही, कारण आईचे जनुक त्याच्याकडे असू शकते. त्याचा नमुना सोमवारी पाठवतो आहोत, आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे सोबत फेरिटिनही.